बारा करंज

"त्या झाडाले काठी लावायची नाही म्हणून सांगितलं होतं ना तुले? दर साल काय नव्यानं सांगू?"

शालिग्राम एवढ्या जोरात खेकसला की लताच्या हातातली आकडी खाली पडली. लता काही नवखी नव्हती. खालच्या पाऱ्यातली, म्हणजे खालच्या वस्तीतली, ही बाई आठ वर्षं झाली, चैत्र लागला की करंजाच्या शेंगा पाडायला यायची. पण माणूस आहे, विसरते. अकरा झाडं झोडून झाली, बारावं समोर उभं, शेंगांनी लगडलेलं. हात आपोआप वर गेला.

"हव भैया, नाही लावत," ती म्हणाली. "खाली सडून राहिल्या म्हणून म्हटलं."

"सडू दे."

कांताबाई चौथ्या झाडाखाली पोत्यावर बसून शेंगा फोडत होती. खाली चपटा दगड, हातात गोल दगड, एका शेंगेला एक ठोका. ती ठोकता ठोकता थांबली. तोंडावर आलेला पदर मागं सारला आणि भांडायला बसली, कारण नवऱ्याशी भांडण उभ्यानं करायची तिला सवय नव्हती.

"तिच्यावर काहून ओरडता? खरंच तं बोलली ते. दर साल एका झाडाचं बी मातीत घालता. कारण सांगा एकदाचं."

"कारण नाही."

"कारण नाही तं मी पाडतो."

"तू जागची हलू नको," शालिग्राम म्हणाला. जवळ येऊन त्यानं तिच्या पोत्याचं एक टोक ओढून सरळ केलं. "इथीच बस."

"या झाडाले सावली तरी आहे का? सगळ्यात मागून पान फुटते याले. पाचव्याखाली कशी गार आहे पाहा."

"इथीच बस म्हटलं ना."

आता अशा माणसाशी काय बोलायचं. बारा झाडांपैकी एकाला हात लावू देत नाही आणि एकाखालून हलू देत नाही. तेरा उन्हाळे हेच चाललं होतं. पहिल्या वर्षी शेंगा धरल्या तेव्हापासून सकाळी स्वतः पोतं आणून चौथ्या झाडाखाली अंथरायचा, दगड मांडायचा, मगच बायकोला हाक मारायचा. बायकोची एवढी सरबराई तो घरात कधी करत नव्हता. घरात पाण्याचा तांब्यासुद्धा तिनंच भरून द्यावा लागे.

तो विहिरीकडं गेल्यावर लता हळूच कांताबाईजवळ येऊन बसली.

"वहिनी, रागावू नका. पण पाऱ्यात बोलतात. त्या बाराव्या झाडात काही तरी आहे म्हणतात. भैयाले दिसते म्हणून हात लावू देत नाही."

"काही नाही तिथी. तू शेंगा वेच," कांताबाई म्हणाली. पण तिचा पुढचा ठोका शेंगेवर न पडता बोटावर पडला.

या गावाचं नाव करमताल. रायपूरहून बीरगांव सोडलं, कारखान्यांच्या चिमण्या मागं पडल्या की कच्च्या रस्त्यानं इथं यायला अर्धा तास. गावात मराठी घरं पूर्वी सात होती, आता तीन उरली. भोसल्यांच्या फौजेबरोबर कोणी घोड्यावर बसून इकडं आलं म्हणे. घोडा कधीच मेला, जमीन वाटण्यांत गेली, मराठी तेवढी घरात राहिली, तीही निम्मी छत्तीसगढी होऊन. शालिग्रामच्या वाट्याला सहा एकर धानाची जमीन आली आणि विहिरीला लागून एक लाल मुरमाचा पडीक तुकडा. अशा जमिनीला तिकडं भाठा म्हणतात. भाठ्यावर गवतसुद्धा मन लावून उगवत नाही.

एकोणीस वर्षांमागं सरकारची गाडी गावात आली होती. झाडापासून डिझेल निघणार, शेतकरी आपलं इंजिन आपल्याच बांधावरच्या तेलावर चालवणार, असं माइकवरून सांगितलं गेलं. गाडीभर रतनजोतीची, म्हणजे मोगली एरंडाची, रोपं होती. फुकटची म्हणून जो तो उचलून घेऊन गेला. एकट्या शालिग्रामनं रतनजोत घेतली नाही. गाडीच्या कोपऱ्यात करंजाची बारा रोपं कोणी न घेता सुकत पडली होती, ती त्यानं मागून घेतली आणि भाठ्यावर विहिरीपासून एका ओळीत लावली. लोक हसले. करंज कधी मोठा होणार, कधी बी देणार, तोवर हा म्हातारा. चार वर्षांत गावातली सगळी रतनजोत उपटून चुलीत गेली आणि करंज मात्र वाढत राहिले. शालिग्रामनं त्यांना उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी घातलं होतं. स्वतःच्या पोरालासुद्धा त्यानं एवढं जपलं नाही, असं कांताबाई सगळ्यांना सांगायची.

झाडांनी बी धरलं तसं ते बीरगांवच्या घाणीवर नेऊन तो तेल काढून आणू लागला. घट्ट, कडू वासाचं, चहासारखं तांबूस तेल. त्यावर त्याचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन चालायचं. त्याची एक रीत होती. इंजिनावर दोन डबे बसवलेले, एक लहान, एक मोठा. लहान डब्यातल्या डिझेलवर इंजिन सुरू करायचं, दहा मिनिटं तापू द्यायचं, मग चावी फिरवून करंजाच्या तेलावर घ्यायचं. आणि बंद करायच्या आधी पुन्हा पाच मिनिटं डिझेलवर. ते विसरलं की गार झालेलं तेल नोझलमध्ये बसतं आणि इंजिन दुसऱ्या दिवशी हूं की चूं करत नाही. होळीपर्यंतच्या तेरा वर्षांत शालिग्राम एकदाही विसरला नव्हता. आसपासच्या चार गावांतले लोक ही चावी पाहायला येऊन गेले होते.

त्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं नाही.

शालिग्राम हँडल मारून घामाघूम झाला. बीरगांवहून मिस्त्री आला, नोझल खोलून पाहिलं आणि हसला. "दादा, बंद करायच्या आधी डिझेलवर नाही घेतलं तुम्ही. ही गोष्ट मला तुम्हीच शिकवली होती." पंधरा दिवसांतली ही तिसरी वेळ होती. शालिग्राम मिस्त्रीकडं पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "कोणती चावी?"

मिस्त्रीला वाटलं, दादा गंमत करत आहेत. कांताबाईला तसं वाटलं नाही. होळीपासून ती पाहत होती. बी घेऊन बीरगांवला गेलेला माणूस घाणीवर पोती टाकून तेल न घेताच परत आला. एकदा जेवताना तिला "आई, भाजी वाढ" म्हणाला. शिशिर आला तेव्हा त्यानं त्याला अदबीनं खाट टाकून दिली आणि कोणत्या गावचे म्हणून विचारलं. शिशिर म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. तो रायपूरला सदर बाजारात एका सराफाच्या दुकानात कामाला होता. बापाचा प्रश्न ऐकून तो परसात जाऊन रडला आणि त्याच संध्याकाळी डॉक्टर शोधायला लागला.

फोनवर त्याचं बोलणं नेहमी हिंदीत असायचं. "आई, डॉक्टर से बात हो गई. सोमवार को मैं गाडी लेकर आऊंगा. बाबा अब कुछ महीने यहीं रहेंगे, मेरे पास. तुम भी चलो."

"सोमवारी? आज तं बुधवार आहे रे."

"हां तो? जितना जल्दी हो उतना अच्छा. डॉक्टर बोले, ये रुकता नहीं है, बढता ही है."

कांताबाईनं फोन ठेवला. नवरा हातातून चालला आहे हे दुःख होतंच, ते तिनं पदराखाली झाकून ठेवलं होतं. पण त्याच्या मागं दुसरी एक भीती उभी राहिली आणि ती तिला कोणाजवळ बोलता येईना.

शिशिरच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं होतं, त्यासाठी शालिग्रामनं रायपूरच्या गोल बाजारातून पिवळी कुंची आणली होती. अकराव्या दिवशी पोरीनं दूध सोडलं, दुपारपर्यंत अंग गार पडलं. नाव ठेवायचं राहिलंच. घरातली पुरुष माणसं तिला कुंचीत गुंडाळून घेऊन गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि कुठं पुरलं ते आईला सांगत नाहीत. सांगितलं तर आई तिथं जाऊन बसते, मातीला कान लावते, मग पुढचं लेकरू पोटात टिकत नाही, अशी त्या घरांतली समजूत. वर दगड ठेवत नाहीत, खूण ठेवत नाहीत. पुरुषांनी हातपाय धुऊन घरात यायचं आणि तो विषय तिथंच संपवायचा.

शालिग्रामनं तो संपवला. कांताबाईचा संपला नाही. शिशिर झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तरी ती वर्षातून एकदा तरी विचारायचीच. आता तर शिशिर झाला, आता काय हरकत आहे? तो म्हणायचा, "विसर ना आता." रागावून विचारलं, रडून विचारलं, एकदा चार दिवस जेवली नाही. त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्या दिवशी गेलेले चार जण होते. सासरा गेला, चुलतसासरा गेला, दोन वर्षांमागं गंगाधर भावजीही गेले. उरला हा एक. आणि हा आता इंजिनाची चावी विसरत होता.

चाळीस वर्षं ज्यानं सांगितलं नाही, तो आता सांगायला गेला तरी सांगू शकणार नाही असा दिवस चार पावलांवर आला होता. मग त्या पोरीचं ठिकाण या जगात कोणालाच माहीत राहणार नव्हतं. नाव नाही, फोटो नाही, आणि जागाही नाही. कांताबाईला ते सहन होईना.

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "आइका, मले एक सांगा. पोट्टीले कुठी ठेवलं?"

"कोणती पोट्टी?" तो म्हणाला, आणि तिला वाटलं, तेही गेलं. मग त्यानंच मान फिरवली. "ते बोलू नको." म्हणजे अजून होतं. आत कुठं तरी होतं.

गुरुवारी सकाळी लता आली नव्हती. शालिग्राम अंगणात खाटेवर बसून दोरी वळत होता. कांताबाई एकटीच भाठ्यावर गेली. ऊन चढायला लागलं होतं, मुरूम पायाला पोळत होता. ती ओळीनं चालत गेली आणि बाराव्या झाडापाशी थांबली. लताचं बोलणं तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. भूत नाही, पण काही तरी आहे. जो माणूस बाकी अकरा झाडांचं बी दाण्यादाण्यानं वेचून नेतो, तो हे झाड उगाच सोडेल का? शेंगा तिथंच गळू देतो, तिथंच सडू देतो, कोणाला पाय ठेवू देत नाही. एवढं साधं आपल्याला तेरा वर्षं कळलं नाही म्हणून तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला.

ती खाली बसली. पदराखाली तिनं थोडं दूध आणि साखर घातलेली वाटी जपून आणली होती. ती मातीवर ओतली. हात जोडले. काय म्हणावं ते सुचेना, कारण हाक मारायला नाव नव्हतं. मग ती नुसतीच रडली, आवाज न करता, जसं सुनेच्या दिवसांत चुलीपाशी रडायची तसं.

"अवं, तिथून ऊठ. पहिले ऊठ."

शालिग्राम मागं उभा होता. धापा टाकत आला होता.

"नाही उठत," ती म्हणाली. "चाळीस वर्षं लपवलं तुम्ही. आता मले कळलं. आता मले इथून कोणी उठवू शकत नाही."

"काय कळलं तुले? तिथी नाग आहे. तुह्या मागं पाह्य, केवढं बीळ आहे ते. तीन-चार वर्षांआंधी मी अकराव्याखाली शेंगा वेचून राहिलो होतो, तं हाताजवळून गेला. लताले सांगितलं असतं तं ते कधी आली असती का पुन्हा? म्हणून कोणाले नाही सांगितलं. ऊठ आता."

कांताबाईनं मागं पाहिलं. बुंध्याच्या पलीकडं वारूळ होतं, मनगटाएवढं भोक. तिनं कधी तेवढ्या जवळ येऊन पाहिलंच नव्हतं. ती उठली. भीतीनं नव्हे, निराशेनं उठली. इतकी वर्षं त्या झाडाला हात लावू देत नव्हता, त्यातली पहिली दहा कशासाठी, हेही विचारायचं त्राण तिच्यात राहिलं नाही. झाड दूर पडतं, पाणी पोचत नाही, जीव धरू दे म्हणून असेल. या माणसाच्या मनात एका वेळी एकच गोष्ट आणि तीही शेतीची.

"मंग कुठी आहे?" ती म्हणाली. "सोमवारी तुमचा पोरगा तुमाले नेऊन राहिला. तुमाले काय झालं ते तुमाले माहीत नाही, मले माहीत आहे. आज सांगाल तं सांगाल. मी तुमच्या पाया पडतो. कुठी ठेवलं माह्या पोट्टीले?"

शालिग्रामनं तिच्याकडं पाहिलं. त्याचे डोळे त्या दिवशी स्वच्छ होते, हे तिनं नंतर कितीदा तरी मनात घोळवलं. मग तो वळला, विहिरीजवळच्या खोपीत गेला, पोतं घेऊन आला. चौथ्या झाडाखाली त्यानं ते अंथरलं. एक टोक ओढून सरळ केलं.

"बस," तो म्हणाला.

"मी काय इचारून राहिली अन् तुम्ही..."

"हव. तेच तं सांगून राहिलो. बस."

कांताबाई पोत्याजवळ आली. ती बसली नाही. बसवेनाच. ती पोत्याकडं पाहत राहिली, त्या चपट्या दगडाकडं, गोल दगडाकडं, तेरा उन्हाळ्यांच्या टरफलांकडं.

"मले तुले सांगता येत नव्हतं," शालिग्राम म्हणाला. "बापाले वचन दिलं होतं. बसवता तं येत होतं."

त्यानं मग सांगितलं, तुटक तुटक, मध्ये थांबून. त्या वेळी इथं नुसती बोराटी होती. पुढं उरला नावाच्या गावाकडं कारखाने वाढले, मुरूम न्यायला ट्रॅक्टर गावोगाव फिरायला लागले. ज्याचा भाठा रिकामा त्याचा भाठा खोदून नेत. याच्या बापाच्या हयातीतच दोनदा विचारून गेले होते. झाडं लावली की कोणी खोदत नाही. रतनजोत उपटायला वेळ लागत नाही, करंज उपटणं सोपं नाही. एकच झाड लावलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, आणि तिनंही विचारलं असतं. म्हणून बारा.

"मंग डिझेल?"

"ते मागून. बी लागलं तं म्हटलं वाया कसाले घालवायचं."

सगळं गाव ज्याला तेलवेडा म्हणत आलं, त्याच्या तेलाची ही गोष्ट होती. कांताबाई खाली बसली. पोत्यावर नाही, पोतं बाजूला सारून मातीवर. हात मातीवर ठेवला आणि विस्तवावर ठेवल्यासारखा उचलला.

"अवो, मी इथी दगड आपटत होती. तेरा उन्हाळे. तिच्या डोक्यावर."

"मले बरं वाटे," तो म्हणाला. "माय घरात काही कुटून राहिली की लेकराले ऐकू येते. तसं."

पुढच्या तीन दिवसांत कांताबाई घरी फक्त स्वयंपाकापुरती जायची. बाकी वेळ चौथ्या झाडाखाली. शेंगा फोडायला तिचा हात होईना, त्या तिनं लताला पाचव्याखाली नेऊन दिल्या. लतानं काही विचारलं नाही, पण तीही येता जाता त्या झाडापाशी पाऊल हळू टाकू लागली. कांताबाईला सुख झालं म्हणावं तर तसं नव्हतं. झोपेतून दचकून उठल्यासारखी ती सारखी दचकायची. इंजिनाची धडधड ऐकली तरी तिला कसंसंच व्हायचं. त्या झाडाच्या मुळ्या कुठवर गेल्या असतील, त्यातलं काय वर चढलं असेल, कोणत्या तेलानं आपण कांद्याला पाणी दिलं, असलं काही तरी मनात यायचं आणि तोंडातला घास फिरायचा. पण ते सगळं सोसून तिच्याजवळ आता एक जागा होती. हात ठेवता येईल एवढी जागा. चाळीस वर्षांत तेवढंसुद्धा नव्हतं.

सोमवारी सकाळी तिनं शालिग्रामचे कपडे पिशवीत भरले. दोन धोतरं, तीन सदरे, डोळ्याचा चष्मा. शिशिरचा फोन आला, बीरगांवपर्यंत पोचलो म्हणून. ती शालिग्रामला हाक मारायला अंगणात आली, तर खाट रिकामी होती. कोपऱ्यातली कुदळ नव्हती. खुंटीवरचा त्याचा पांढरा दुपट्टाही नव्हता.

ती धावतच भाठ्यावर गेली. लांबूनच कुदळीचा आवाज ऐकू आला. मुरमावर कुदळ बसते तो कोरडा, खणखणीत आवाज. तिनं चौथ्या झाडाकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

तो नवव्या झाडाखाली होता. वाकून खोदत होता. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. बाजूला सावलीत दुपट्ट्याची घडी होती, वर गाठ मारलेली, दोन वीत लांब. काय गुंडाळलं होतं कोणास ठाऊक. घरातली उशी असेल, नाही तर स्वतःचंच एखादं धोतर. पण ती घडी त्यानं अशी ठेवली होती, डोक्याकडची बाजू जरा उंच, तोंडावर ऊन येऊ नये अशी, की कांताबाईला पुढं पाऊल टाकवेना.

खड्डा गुडघाभर झाला होता. त्याचा हात जराही चाचपडत नव्हता. चार दिवसांपूर्वी चौथ्या झाडाखाली पोतं अंथरताना तो जेवढा ठाम होता, त्याहून जास्त ठाम. बुंध्यापासून दोन पावलं मोजून त्यानं खोदायला घेतलं होतं, पावलांच्या खुणा मुरमात दिसत होत्या.

कांताबाईच्या मनात त्या क्षणी एक गोष्ट शिरली आणि ती पुढं जन्मभर तिथून निघाली नाही. गुरुवारी हा शुद्धीवर होता. समोर आपली बायको रडून राहिली आहे हे त्याला दिसत होतं. तिचं समाधान व्हावं म्हणून त्यानं कुठलंही एक झाड दाखवलं असेल. तेरा वर्षं तिथं बसवलं, त्याचं कारण कदाचित विहीर जवळ पडते एवढंच असेल. आणि आज हा शुद्धीवर नाही. आज याला कोणाचं समाधान करायचं नाही. याच्यासाठी ते लेकरू आत्ता, या घडीला गेलं आहे. मग खोटं कोण बोलतं आहे? खरं कोणतं ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, खुद्द शालिग्रामलाही नाही.

"आइका," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. तिला पाहिलं. त्याच्या नजरेत ओळख नव्हती. होती ती एका तरुण बापाची घाई, लोकांच्या नजरेची लाज आणि भीती.

"कोण बाई तुम्ही? कोण्या पाऱ्यातल्या?" तो म्हणाला. "इथी नका उभ्या राहू. घरी जा."

"जातो."

"पाहिलं तुम्ही?"

"पाहिलं."

कुदळ टेकवून तो वर आला. हात जोडले. मातीनं माखलेले. या माणसानं आयुष्यात कोणा बाईपुढं हात जोडलेले कांताबाईनं पाहिले नव्हते.

"बाई, एक करा. आमच्या घरी कांता आहे. वीस वर्षांची पोट्टी आहे ते, अजून बाळंतिणीची खाट सोडली नाही तिनं. ते तुमाले इचारन. सगळ्याईले इचारून राहिली. तिले सांगू नका इथी ठेवलं म्हणून. ते येऊन बसन इथी. मंग उठणार नाही."

गाडीचा आवाज आला. कच्च्या रस्त्यावर धूळ उठली. शिशिर उतरून घराकडं न जाता सरळ भाठ्याकडं यायला लागला होता. अर्ध्या वाटेतूनच त्यानं ओरडून विचारलं, "आई, बाबा क्या कर रहे हैं? ये गड्ढा कैसा?"

कांताबाईनं वळून न पाहताच सांगितलं, "काही नाही रे. झाडाले आळं करून राहिले. तू घरी बस, आलोच आम्ही."

शिशिर थांबला, मग वळला. कांताबाई खाली वाकली. दुपट्ट्याची घडी तिनं दोन्ही हातांनी उचलली, मानेखाली हात घालून, आणि शालिग्रामच्या हातात दिली. त्यानं ती खड्ड्यात ठेवली. तिनं हातानंच मुरूम लोटायला सुरुवात केली. तोही लोटू लागला. खड्डा भरला तसं त्यानं पायानं वरची माती सारखी केली, एकही खूण राहू नये म्हणून निरखून पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं पाहिलं.

"नाही सांगणार ना कांताले?"

"नाही सांगत," कांताबाई म्हणाली. "तुम्ही जा रायपूरले. मी आहे तिच्याजवळ."